मोकळ्या घोड्यांचा हिशेब

नेवाडा किंवा वायोमिंगच्या माळावरून धूळ उडवत दौडणारा घोड्यांचा कळप आपण सगळ्यांनी कधी ना कधी पडद्यावर पाहिलेला असतो. पाठीवर खोगीर नाही, तोंडात लगाम नाही, मागे मालक नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात असे घोडे आजही आहेत, आणि त्यांच्यासोबत मोकळी गाढवंही आहेत. १ मार्च २०२४ च्या सरकारी अंदाजानुसार ही दोन्ही मिळून सुमारे ७३ हजार ५०० जनावरं सरकारी कुरणांवर होती.

पडद्यावर सहसा न दिसणारी बाजू अशी, की त्याच सुमारास ६० हजारांहून जास्त घोडे आणि गाढवं सरकारी खर्चानं कुंपणाआड होती. काही धुळीच्या आवारांत विकतच्या वैरणीवर, तर बरीचशी ओक्लाहोमा, कॅन्सस अशा राज्यांत भाड्यानं घेतलेल्या कुरणांवर. त्यांना पुन्हा माळावर सोडायचं नाही, मारायचं नाही आणि घरी न्यायला पुरेशी माणसं पुढे येत नाहीत. ज्यांच्या मोकळेपणाचं रक्षण करायला देशानं खास कायदा केला, त्यांच्यातले जवळजवळ निम्मे कोंडवाड्यात कसे पोचले? याचं उत्तर थोडं कायद्यात आहे, थोडं गवतात आणि बरंचसं घोडीच्या गर्भाशयात.

इथलाच, पण परत आलेला

घोड्याचा वंश घडला तो उत्तर अमेरिकेतच. तिथून तो आशियात आणि पुढे जगभर गेला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मात्र अमेरिकेतून तो पार नाहीसा झाला. परतला तो जहाजातून. १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर आणि १५१९ मध्ये कोर्तेझबरोबर मेक्सिकोत स्पॅनिश घोडे उतरले. त्यांतले काही सुटले, काही चोरीला गेले, काही मूळ रहिवाशांच्या टोळ्यांनी आपलेसे केले. पुढच्या तीन-चार शतकांत शेतकऱ्यांचे, लष्कराचे आणि वाटसरूंचे सोडून दिलेले घोडे त्यांत मिसळत गेले. गाढवं मूळची ईशान्य आफ्रिकेची. स्पॅनिशांनी ती आणली, सोन्याचांदीच्या खाणकामगारांनी त्यांच्या पाठीवर वाळवंट पालथं घातलं आणि खाणी बंद पडल्यावर त्यांना तिथंच सोडून दिलं.

म्हणून वाद असा आहे: काहींच्या मते हा आपल्या मायभूमीत परतलेला प्राणी, तर काहींच्या मते पाळीव जनावराची रानावलेली अवलाद. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र रोजच्या व्यवस्थापनाला या वादाचा फारसा उपयोग होत नाही. गवत किती आहे आणि तोंडं किती आहेत, हे दोन्ही पक्षांना मोजावंच लागतं.

एका बाईचा पाठपुरावा

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात या घोड्यांना कुणी वाली नव्हता. विमानातून आणि ट्रकमधून पाठलाग करून त्यांना दमवायचं, पकडायचं आणि कुत्र्या-कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकायचं, हा उघड धंदा होता. १९५० मध्ये नेवाडातल्या रीनोजवळ वेल्मा जॉन्स्टन या कचेरीत सेक्रेटरी असलेल्या बाईंना कामावर जाताना समोरच्या ट्रकमधून रक्त टपकताना दिसलं. त्या ट्रकच्या मागे गेल्या. आत कत्तलखान्याकडे निघालेले जखमी घोडे होते.

लहानपणी पोलिओनं चेहऱ्यावर व्रण उमटवलेल्या या बाईंनी पुढची वीसेक वर्षं या कामाला दिली. टिंगल म्हणून त्यांना 'वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी' हे नाव ठेवलं गेलं, त्यांनी ते अभिमानानं लावलं. १९५९ मध्ये मोटारी आणि विमानं वापरून रानघोडे पकडण्यावर आणि पाणवठ्यांवर विष घालण्यावर बंदी आली. त्यानंतर देशभरच्या शाळकरी मुलांनी खासदारांना पत्रांचा मारा केला. १५ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, तो संसदेत एकमतानं मंजूर झाला होता. मोकळे घोडे आणि गाढवं ही पश्चिमेच्या इतिहासाची जिवंत प्रतीकं आहेत, त्यांना पकडणं, छळणं किंवा मारणं हा गुन्हा आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं. न्यू मेक्सिको राज्यानं या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं, तेव्हा १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो एकमतानं उचलून धरला.

कायद्यातच दुसरी अटही होती. कुरणाचा नैसर्गिक समतोल टिकला पाहिजे. ही जबाबदारी मुख्यत्वे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याकडे आली. आज हे खातं दहा राज्यांत पसरलेली पावणेदोनशेच्या आसपास कळप-क्षेत्रं सांभाळतं. त्यांचं क्षेत्रफळ अडीच कोटी एकरांहून जास्त, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. प्रत्येक क्षेत्रावर किती जनावरं असावीत, याची मर्यादा खातं ठरवतं. सगळ्या मर्यादांची बेरीज साडेपंचवीस हजारांच्या आसपास येते. प्रत्यक्षात जनावरं आहेत त्याच्या जवळपास तिप्पट, आणि २०२० मध्ये तर ती ९५ हजारांवर गेली होती.

गवत एकदाच उगवतं

नेवाडा हे अमेरिकेतलं सगळ्यात कोरडं राज्य. तिथं वर्षाचा सरासरी पाऊस आणि बर्फ मिळून अडीचशे मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. आपल्या माणदेशातही याच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो. शिवाय तिथला ओलावा बहुतांश हिवाळ्यातल्या बर्फाचा. बर्फ वितळला की वसंतात बहुवार्षिक गवताचे झुबके फुटतात, काही आठवडे वाढतात आणि उन्हाळ्यात वाळून उभे राहतात. मधल्या जागेत करड्या पानांचं सेजब्रश नावाचं झुडूप असतं.

गवताचं पातं तोडलं तर ते मुळांतल्या साठ्यावर पुन्हा फुटतं. तोच झुबका त्याच वाढीच्या दिवसांत पुन्हा पुन्हा खाल्ला गेला, तर साठा संपतो आणि झुबका मरतो. रिकाम्या जागेत चीटग्रास नावाचं परदेशातून आलेलं वार्षिक गवत शिरतं. ते लवकर वाळतं, काडीसारखं पेटतं आणि आगीत सेजब्रशही जातं. एकदा आग फिरली की जुनं रान परत यायला काही दशकं लागतात, कित्येक ठिकाणी ते येतच नाही. पाऊस चांगला झाला म्हणून हे नुकसान भरून निघत नाही.

घोड्याचं तोंड आणि पोट या रानावर गाईपेक्षा वेगळा भार टाकतं. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेनं गवत ओढून तोडते, मग रवंथ करते आणि चार कप्प्यांच्या पोटात सावकाश पचवते. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे पटाशीचे दात आहेत, त्यामुळे तो गवत जमिनीलगत कातरू शकतो. तो रवंथ करत नाही. चाऱ्यावरची जंतूंची आंबवण्याची क्रिया त्याच्या पोटात न होता आतड्याच्या शेवटच्या भागात होते. अन्न लवकर पुढे सरकतं, पोषण कमी निघतं, म्हणून तो जास्त खातो. याचा त्याला फायदाही आहे: गाय ज्या निकृष्ट वाळक्या चाऱ्यावर खंगेल, त्यावर घोडा तग धरतो. पाण्यापासून दूरवर जाऊन चरण्यातही तो गाईच्या पुढे आहे.

खात्याच्या हिशेबात एका घोड्याला महिन्याला एका गाय-वासराइतका, म्हणजे सुमारे ३६० किलो सुका चारा धरतात. गाढवाला त्याच्या निम्मा. गाई मात्र परवान्यावर ठरावीक महिने येतात आणि हलवल्या जातात. घोडे बाराही महिने तिथंच असतात, वाढीच्या नाजूक आठवड्यांतही.

कळप हाताबाहेर गेला की आधी गवत मरतं आणि मग घोडे. मे २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या ग्रे माउंटनजवळ एका आटलेल्या तळ्याच्या चिखलात १९१ घोडे मेलेले सापडले. पाण्याच्या शेवटच्या डबक्याकडे जाताना ते गाळात रुतले होते. ही जागा नवाहो या मूळ रहिवाशांची, ती १९७१ च्या कायद्याखाली येत नाही. पण 'निसर्ग आपोआप समतोल साधेल' असं म्हणणाऱ्यांनी तो साधतो कसा, हे तिथं पाहावं. भूक आणि तहान हे व्यवस्थापनाचे मार्ग आहेत असं मी मानायला तयार नाही.

शिकारी प्राण्यांनी हे काम का करू नये, हा प्रश्न रास्त आहे. लांडगे या बहुतेक प्रदेशांतून माणसानं केव्हाच संपवले. उरला डोंगरी सिंह, म्हणजे प्युमा. तो दबा धरून शिकार करतो, त्यासाठी खडक आणि झाडी लागते. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवर माँटगोमेरी पास इथं प्युमांनी शिंगरं मारून कळपाची वाढ रोखून धरल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. उघड्या माळावर मात्र त्याचं काही चालत नाही.

व्याजावर व्याज

घोडी साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून विते. गर्भ अकरा महिन्यांचा, शिंगरू एकच. ऐकायला वेग संथ वाटतो, पण मोठे घोडे फारसे मरत नाहीत आणि वीस वर्षांहून जास्त जगू शकतात. समजण्यापुरता ढोबळ हिशेब मांडू. शंभरांचा कळप घ्या. त्यात वयात आलेल्या घोड्या पस्तीसेक. वर्षाला बावीसेक शिंगरं जन्मतात आणि पाच-सहा जनावरं मरतात. कळप सोळा-सतरांनी वाढतो. मोकळ्या कळपांची वाढ वर्षाला १५ ते २० टक्के असते, असंच प्रत्यक्षातही दिसून आलं आहे.

बँकेतली चक्रवाढ व्याजाची ठेव आठवा. १८ टक्क्यांनी शंभराचे चार वर्षांत १९४ होतात, आठ वर्षांत ३७६ आणि बारा वर्षांत ७२९. वाढ व्याजावरच्या व्याजातून येते, म्हणून सुरुवातीला उचललेले थोडे पुढच्या पुष्कळांना वाचवतात आणि उशीर झाला की तेच काम कित्येक पटींनी महाग होतं. ठेवीतून रक्कम काढली तरी व्याजाचा दर बदलत नाही. घोड्यांच्या बाबतीत तर अवस्था त्याहून अवघड आहे. रान भरलं की घोड्या रोडावतात, गाभण राहत नाहीत, शिंगरं जगत नाहीत, म्हणजे दर आपोआप उतरू लागतो. अशा वेळी निम्मे घोडे उचलले, तर उरलेल्यांना पोटभर चारा मिळतो आणि दर पुन्हा चढा राहतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २०१३ च्या अहवालात खात्याला हेच सुनावलं: तुम्ही घोडे उचलून नेता, त्यामुळेच वाढीचा दर वरच्या टोकाला राहतो.

७३ हजारांवर १८ टक्के म्हणजे वर्षाला तेरा हजार. संख्या आहे तिथं ठेवायची तरी दर वर्षी इतकी जनावरं उचलावी लागतील. २०२२ मध्ये तर २० हजारांहून जास्त पकडली गेली.

> चौकट: जे दिसले नाहीत ते कसे मोजायचे?
>
> मोजणी बहुधा हेलिकॉप्टरमधून होते आणि काही घोडे नजरेतून सुटतातच. त्यासाठी एकाच उड्डाणात दोन निरीक्षक एकमेकांना न सांगता नोंद करतात. समजा पहिल्याला घोड्यांच्या ४० टोळ्या दिसल्या, दुसऱ्यालाही ४०, आणि दोघांच्या नोंदी जुळवल्यावर ३२ टोळ्या सामायिक निघाल्या. दुसऱ्यानं पाहिलेल्या ४० पैकी पहिल्याला ३२ दिसल्या, याचा अर्थ पहिल्याची नजर ८० टक्के टोळ्या टिपते. मग त्याला दिसलेल्या ४० टोळ्या एकूण संख्येच्या ८० टक्के असणार. एकूण झाल्या ५०. दोघांनी मिळून प्रत्यक्षात ४८ पाहिल्या, दोन कुणालाच दिसल्या नाहीत. गाढवं मातकट रंगाची, झुडपात निश्चल उभी राहणारी आणि विखुरलेली, म्हणून त्यांची मोजणी हमखास कमी भरते.

कनातींच्या मधून कोंडवाड्याकडे

पकडण्याचे दोन मार्ग आहेत. लहान कळपासाठी पाण्याभोवती किंवा चाऱ्याभोवती कुंपण उभारून, दार उघडं ठेवून वाट पाहायची. यात वेळ लागतो, पण जनावर बिथरत नाही. मोठ्या क्षेत्रात हेलिकॉप्टर वापरतात. तागाच्या कापडाच्या दोन लांबच लांब कनाती नरसाळ्याच्या आकारात उभ्या केलेल्या असतात, अरुंद टोकाला कुंपण. हेलिकॉप्टर मागे राहून कळपाला हळूहळू त्या दिशेला आणतं. कनातीच्या तोंडाशी एक शिकवलेला घोडा धरून माणूस दडलेला असतो. कळप जवळ आला की तो घोडा सोडतो, घोडा सवयीनं कुंपणाकडे धावतो आणि भेदरलेला कळप त्याच्या मागे जातो. आपल्यापैकीच एकजण पुढे आहे, असं समजून. शिंगरं जन्मण्याच्या काळात, १ मार्च ते ३० जून, हेलिकॉप्टरनं हाकायला मनाई आहे. तरीही पकडलेल्यांतली सुमारे एक टक्का जनावरं दगावतात. पाय मोडतात, मान मोडते.

घोडे कुटुंबानं राहतात: एक नर, काही घोड्या, त्यांची शिंगरं, आणि ही सोबत वर्षानुवर्षं टिकते. कोंडवाड्यात नर वेगळे, माद्या वेगळ्या. नरांचं खच्चीकरण होतं, रक्त तपासलं जातं, लशी टोचल्या जातात. मानेच्या डाव्या बाजूला द्रवरूप नायट्रोजननं थंड केलेला शिक्का दाबतात. त्या जागचे केस पुढे पांढरे येतात आणि रेषांच्या त्या खुणांतून जन्मवर्ष व क्रमांक वाचता येतो.

मग दत्तक देणं. घेणाऱ्याकडे जागा, निवारा आणि चारा असल्याची खात्री केली जाते, एक वर्ष नीट सांभाळलं की मालकी त्याच्या नावावर होते. कोलोरॅडो, नेवाडा, ॲरिझोनातल्या तुरुंगांत कैद्यांनी या घोड्यांना माणसाळवलं आहे, सीमेवरच्या गस्तीलाही असे घोडे घेतले गेले आहेत. हे काम मनापासून कौतुक करावं असं आहे. पण चार-पाच वर्षांपुढचा, कधी दोर न पाहिलेला घोडा घरी न्यायला फार थोडे तयार होतात. २०१० नंतर बरीच वर्षं दत्तक जाणारी जनावरं दोन-तीन हजारांच्या आसपास अडकून होती आणि पकडली जाणारी बहुतेक वर्षी त्याहून जास्त. २०१९ मध्ये न शिकवलेला घोडा घेणाऱ्याला एक हजार डॉलर द्यायची योजना निघाली. दत्तक वाढले खरे, पण पैसे खिशात घालून कित्येकांनी वर्षभरानंतर घोडे लिलावात काढले आणि तिथून ते कत्तलखान्यांच्या दलालांच्या हाती लागले, असं २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं उघड केलं. २०२५ मध्ये न्यायालयानं ही योजना रद्द केली.

जे उरतात ते कोंडवाड्यात राहतात. गर्दीचे धोके असतातच. २०२२ मध्ये कोलोरॅडोतल्या कॅनियन सिटीच्या आवारात घोड्यांचा इन्फ्लुएन्झा शिरला आणि शंभराहून जास्त घोडे गेले. खर्च तर थांबतच नाही. २०२३ या आर्थिक वर्षात या कार्यक्रमावर सुमारे १५ कोटी ८० लाख डॉलर खर्च झाले. त्यातले दोन तृतीयांशाहून जास्त केवळ पकडलेल्यांच्या पालनपोषणावर गेले.

लस: घोडी तीच, शिंगरू नाही

जन्मच कमी करता आले तर पकडावं कमी लागेल. त्यासाठी बरीच वर्षं वापरात असलेली लस पीझेडपी. तिचं काम समजायला सोपं आहे. सस्तन मादीच्या बीजांडाभोवती प्रथिनांचं एक पारदर्शक आवरण असतं, शुक्राणू त्यालाच चिकटून आत शिरतो. डुकरिणीच्या बीजांडावरचं हे आवरण काढून त्याची लस करतात. घोडीच्या शरीराला ते परकं वाटतं, म्हणून ते त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. डुकरिणीचं आणि घोडीचं आवरण पुरेसं सारखं असल्यामुळे तीच प्रतिपिंडं घोडीच्या स्वतःच्या बीजांडालाही जाऊन चिकटतात. शुक्राणूला जागाच उरत नाही. घोडी आजारी पडत नाही, तिची संप्रेरकं बदलत नाहीत, आधीच गाभण असेल तर गर्भाला धक्का लागत नाही. पहिल्या वर्षी काही आठवड्यांच्या अंतरानं दोन मात्रा, नंतर दर वर्षी एक. मात्रा थांबवली की बहुतेक घोड्या पुन्हा गाभण राहू शकतात. दुसरी लस गोनाकॉन. ती मेंदूतून निघणाऱ्या प्रजनन-संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. तिची दुसरी मात्रा दिल्यावर परिणाम कित्येक वर्षं टिकतो, हे नॉर्थ डकोटातल्या थिओडोर रूझवेल्ट राष्ट्रीय उद्यानात दिसून आलं.

सगळ्यात जुना दाखला अटलांटिक किनाऱ्यावरच्या असाटीग बेटाचा. मेरीलँडच्या बाजूचे घोडे राष्ट्रीय उद्यान खातं सांभाळतं. जे कर्कपॅट्रिक या शास्त्रज्ञानं तिथं १९८८ पासून पीझेडपीचे प्रयोग केले आणि १९९४ पासून ती नियमित टोचली जाऊ लागली. पावणेदोनशेच्या आसपास पोचलेला कळप शंभराच्या आत आला. एकही घोडा हेलिकॉप्टरनं पकडावा लागला नाही. मात्र याला दहा वर्षांहून जास्त काळ लागला, आणि त्याचं एक कारण आनंदाचं आहे: बाळंतपणं आणि अंगावर पाजणं कमी झाल्यावर घोड्या धडधाकट राहिल्या आणि जास्त जगल्या. लस संख्या झटकन उतरवत नाही, वाढ रोखते. त्याच बेटावर कुंपणापलीकडे, व्हर्जिनियाच्या बाजूला, घोडे चिंकोटीग गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचे आहेत. ते दर जुलैत खाडी पोहून आणले जातात आणि शिंगरांचा लिलाव होतो, १९२५ पासूनची ही प्रथा.

मग हेच सगळीकडे का होत नाही? पुन्हा वरचा हिशेब घ्या. शंभरांच्या कळपात मृत्यू पाच-सहा, जन्म बावीस. वाढ शून्यावर आणायची तर बावीसांतले सोळा-सतरा जन्म टाळावे लागतील, म्हणजे चारपैकी तीन घोड्यांना लस पोचायला हवी. निम्म्यांना टोचून नुसता वेग मंदावतो. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीत सत्तर टक्क्यांचा आकडा सांगितला जातो, त्यामागचं तर्कशास्त्रही याच जातीचं आहे.

लस बंदुकीतून सोडलेल्या बाणानं टोचतात, त्यासाठी चाळीसेक मीटरच्या आत जावं लागतं. असाटीगचे घोडे माणसाला सरावलेले आहेत. नेवाडातले काही कळप किलोमीटरभरावरून माणूस दिसला तरी पळतात, त्यांना टोचायचं तर आधी पकडावंच लागतं. तरी जिथं स्वयंसेवक चिकाटीनं उभे राहिले, तिथं हे जमलं आहे. कोलोरॅडोतलं लिटल बुक क्लिफ्स, माँटाना-वायोमिंग सीमेवरचे प्रायर पर्वत ही त्याची उदाहरणं. रीनोजवळच्या व्हर्जिनिया रेंजमध्ये २०१९ पासून याहून मोठ्या कळपाला अशीच लस दिली जात आहे. हे लोक प्रत्येक घोडीची नोंदवही ठेवतात: रंग, कपाळावरचा टिळा, कोणत्या पायाला पांढरं, कोणत्या नराच्या टोळीत, गेल्या वर्षी शिंगरू झालं का, कोणत्या तारखेला लस दिली. सारंगखेड्याच्या बाजारात कुम्मैत, सब्जा, अबलख, पंचकल्याणी अशा नावांनी घोडा ओळखणाऱ्या आपल्या लोकांना हे काम लगेच कळेल. बाण लागून खाली पडला की तो शोधून उचलायचाही असतो, कारण लस खरंच आत गेली की नाही हे त्यावरूनच समजतं.

गाढवांची गोष्ट वेगळी

घोड्याच्या झगमगाटात गाढव झाकलं जातं, म्हणून त्याच्याबद्दल मुद्दाम लिहितो. सगळ्यात जास्त मोकळी गाढवं ॲरिझोनात आहेत. ओटमन नावाच्या जुन्या खाणगावात ती भर रस्त्यात उभी असतात आणि पर्यटक त्यांना चारतात.

१९७९ मध्ये ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानानं आतली गाढवं गोळ्या घालून संपवायचं ठरवलं. क्लीव्हलंड अमोरी यांच्या 'फंड फॉर ॲनिमल्स' संस्थेनं आडवं येऊन पुढच्या दोन वर्षांत साडेपाचशेहून जास्त गाढवं झोळीत बांधून हेलिकॉप्टरनं दरीबाहेर काढली. हे शक्य आहे हे तेव्हा सिद्ध झालं, स्वस्त नाही हेही.

गाढव रानाचं नुकसानच करतं, असंही नाही. कोरड्या नदीपात्रात ते पुढच्या खुरांनी वाळू उकरतं आणि दोन मीटरपर्यंत खोल झरे खोदतं. २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार सोनोरा वाळवंटात उन्हाळ्यात या झऱ्यांवर पक्षी, हरणं आणि इतर कित्येक प्राणी पाणी प्यायला येतात. मात्र डोंगरी मेंढ्यांचे पाणवठे आणि चारा यांवर गाढवांचा ताण पडतो, हेही खरं आहे. गाढवं दत्तक देणं त्या मानानं सोपं जातं. स्वभाव शांत, आणि कोल्ह्याच्या जातीच्या कायोटीपासून मेंढरं राखायला मेंढपाळ ती आवर्जून घेतात.

गाईंचंही माप काढा

एक गोष्ट घोड्यांच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे. हेच खातं सुमारे १५ कोटी ५० लाख एकरांवर खासगी मालकांच्या गुरांना चरू देतं. गाय-वासराच्या महिन्याभराच्या चराईचा दर २०१९ नंतर कित्येक वर्षं १.३५ डॉलर होता. घोड्यांसाठी राखलेल्या कळप-क्षेत्रांतही बहुतेक ठिकाणी गुरं येतात. प्रत्येक क्षेत्रात चाऱ्यातला किती वाटा कुणाला, हे कसं ठरलं, याचा खुलासा पुरेसा होत नाही, असं २०१३ च्या त्याच अहवालानं म्हटलं. गरज पडल्यास घोड्यांसाठी गुरांची चराई थांबवण्याची तरतूद नियमांत आहे, ती वापरायला हवी. पण गुरं उद्या सगळी काढली तरी वाढीचे १८ टक्के तेच राहतात. चार-पाच वर्षांत दुप्पट होणारा कळप मिळालेला जादा चाराही संपवेल. म्हणून घोड्यांवर प्रेम करणाऱ्यांनी लसीला विरोध करू नये, आणि गुरं पाळणाऱ्यांनी दरवेळी 'आणखी घोडे उचला' एवढीच मागणी करू नये. एकदा संख्या मर्यादेजवळ आणायला काही वर्षं पकडणं टळणार नाही. त्यानंतर, आणि जिथं कळप आज लहान आहेत तिथं ताबडतोब, दर वर्षी न चुकता लस देणं हाच मला एकमेव माणुसकीचा रस्ता दिसतो. पकडलेल्या घोड्या टोचून सोडायच्या आणि पुढच्या वर्षी निधी नाही म्हणून मात्रा चुकवायची, याचा काहीही उपयोग होत नाही.

एक घोडा मरेपर्यंत कोंडवाड्यात पोसायला खात्याच्याच हिशेबानं जवळपास ४८ हजार डॉलर लागतात. पीझेडपीची एक मात्रा तीसेक डॉलरला पडते. माणसांचा पगार, गाड्या, बंदुका आणि दिवसचे दिवस माळावर घालवणं धरलं तरी फरक प्रचंड राहतो. आज निधीचा मोठा वाटा वैरणीवर जातो आणि लसीवर अगदी थोडा. हे प्रमाण उलटं होत नाही तोवर माळावरून उचललेला प्रत्येक घोडा कोंडवाड्यातल्या रांगेत भर घालत राहणार.